मेघबीजनाने पाऊस वाढला का? संख्याशास्त्रीय मूल्यमापन कोणत्या क्रमाने करावे

मेघबीजन म्हणजे पाऊस वाढावा म्हणून ढगांत विशिष्ट द्रव्य सोडणे. त्याच्या बहुतेक अहवालांतील चूक आकडेमोडीत नसते, क्रमात असते. हंगाम संपतो, पावसाचे आकडे हाती येतात आणि मग ‘आता याचे विश्लेषण कसे करायचे?’ हा प्रश्न विचारला जातो. तोपर्यंत उत्तर मिळण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते, कारण कोणत्या ढगावर बीजन करायचे हे माणसाने आपल्या अंदाजाने ठरवलेले असते आणि माणूस साहजिकच सर्वांत आशादायक ढग निवडतो. असा ढग बीजन न करताही बरसला असता. ‘बीजनानंतर अर्ध्या तासात पाऊस पडला’ या वाक्यातून म्हणूनच काहीही सिद्ध होत नाही.

आपला प्रश्न बीजनानंतर किती पाऊस पडला हा नाही. बीजन केले नसते तर जेवढा पडला असता त्यापेक्षा तो किती जास्त किंवा कमी पडला, हा आहे. यातला दुसरा आकडा कधीच प्रत्यक्ष मोजता येत नाही, तो अनुमानानेच काढावा लागतो. पुढील टप्पे त्या अनुमानाला भक्कम पाया देण्यासाठी आहेत. त्यांतील पहिल्या पाच टप्प्यांची आखणी पहिले उड्डाण होण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात बांधणे

सर्वप्रथम एकच वाक्य लिहावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : प्रयोगाचे एकक कोणते, मोजमापाचे क्षेत्र कोणते, बीजनानंतर किती वेळ मोजायचे आणि नेमके काय मोजायचे.

एकक म्हणजे ज्याच्याबाबत ‘बीजन करायचे की नाही’ असा एक स्वतंत्र निर्णय होतो ते. एकच ढग, सरकत्या ढगसमूहाभोवती आखलेले वर्तुळ, ठरावीक क्षेत्रावरचा एक दिवस किंवा डोंगररांगेवरून जाणाऱ्या वादळाचे काही तास, यांपैकी काहीही एकक असू शकते. निवड मात्र प्रश्नाला साजेशी हवी. धरणात पाणी वाढेल का हे जाणून घ्यायचे असेल, तर एकेका ढगाचा अभ्यास पुरेसा नाही. एक ढग मोठा झाला म्हणून संपूर्ण क्षेत्रावरचा पाऊस वाढतोच असे नाही, कारण त्या ढगाने शेजारच्या ढगांची आर्द्रता आणि ऊर्ध्वप्रवाह (वर चढणारी हवा) ओढून घेतलेला असू शकतो.

मुख्य मोजमाप एकच ठरवावे, उदाहरणार्थ ‘लक्ष्यक्षेत्रातील (जिथे पाऊस वाढवायचा आहे तिथल्या) सर्व पर्जन्यमापकांवरील सहा तासांच्या पावसाची सरासरी’. बाकीची मोजमापे दुय्यम असतात आणि त्यांना दुय्यमच म्हणावे.

तपासणी : हे वाक्य प्रकल्पाशी संबंध नसलेल्या संख्याशास्त्रज्ञाला वाचायला द्यावे. त्याला एकही शंका न विचारता कोरा तक्ता आखता आला, तर वाक्य नीट बांधले गेले आहे.

## टप्पा २ : किती एकके लागतील याचा प्रामाणिक हिशेब

हा टप्पा बहुतेक ठिकाणी वगळला जातो, कारण त्याचे उत्तर कोणालाही आवडत नाही.

पाऊस ही अत्यंत चंचल राशी आहे. एका दिवशी २ मिलिमीटर आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या दिवशी ४० मिलिमीटर, हे नेहमीचेच. बीजनाचा परिणाम बेरजेपेक्षा गुणाकाराच्या स्वरूपात मानणे सोयीचे असते (‘५ मिलिमीटर जास्त’ असे न म्हणता ‘१.१ पट’ असे म्हणणे), म्हणून हिशेब पावसाच्या नैसर्गिक लॉगवर करावा. बीजन केलेली आणि न केलेली एकके असे दोन गट असतात. प्रत्येक गटात लागणाऱ्या एककांची संख्या ढोबळमानाने अशी निघते :

संख्या = २ × ७.८४ × (प्रमाण विचलन)² ÷ (परिणामाचा लॉग)²

प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप. सूत्रातील ७.८४ हा आकडा (१.९६ + ०.८४) चा वर्ग आहे. म्हणजे दुहेरी बाजूची ५ टक्के सार्थकता पातळी (परिणाम नसताना वाढ किंवा घट आहे असे चुकून ठरण्याची शक्यता), आणि परिणाम खरोखर असेल तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता.

लॉग-पावसाचे प्रमाण विचलन १ आहे आणि आपल्याला १० टक्के वाढ ओळखायची आहे, असे धरू. १.१ चा लॉग ०.०९५३ येतो. हिशेब केला तर प्रत्येक गटात सुमारे १,७२६ एकके लागतात. हंगामात ४० योग्य एकके मिळत असतील, तर दोन्ही गट भरायला ८६ हंगाम! अपेक्षित वाढ २० टक्के धरली तर प्रत्येक गटात ४७२ एकके पुरतात, पण सोय व्हावी म्हणून अपेक्षा वाढवणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

खरा मार्ग तुलनाक्षेत्राचा आहे. ज्याचा पाऊस लक्ष्यक्षेत्राच्या पावसाबरोबर वरखाली होतो, पण जिथे बीजनद्रव्य पोहोचत नाही, असे क्षेत्र सापडले तर निसर्गाच्या चढउताराचा मोठा भाग वजा करता येतो. दोन्हींच्या लॉग-पावसातील सहसंबंध (बरोबरीने वरखाली होण्याचे माप, कमाल १) ०.८ असेल तर वरील १,७२६ ऐवजी ६२१ एकके लागतात आणि ०.९ असेल तर ३२८. सहसंबंध केवळ ०.५ असेल तर मात्र फायदा फक्त एक चतुर्थांश होतो. चांगले तुलनाक्षेत्र शोधण्यात घालवलेले सहा महिने नंतरचे कित्येक हंगाम वाचवतात ते असे.

इशारा : तुलनाक्षेत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा बाजूला असावे. वाऱ्याखालच्या क्षेत्रात बीजनद्रव्य वाहत जाते आणि तुलनाच दूषित होते.

हिशेबाअंती प्रयोग आवाक्याबाहेरचा ठरला, तर तसे लेखी सांगावे. अपुरा प्रयोग करून ‘परिणाम आढळला नाही’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच योगायोगाने मिळालेला मोठा आकडा मिरवणेही चुकीचे आहे. लहान नमुन्यात सार्थक ठरणारा आकडा बहुतेक वेळा खऱ्या परिणामापेक्षा बराच फुगलेला असतो.

## टप्पा ३ : मोजमापाची व्यवस्था

पर्जन्यमापक आणि रडार यांपैकी मुख्य मोजमाप कशावर बेतायचे हे आधी ठरवावे, कारण दोघांचे दोष वेगळे आहेत.

पर्जन्यमापक एका बिंदूवरचा पाऊस दाखवतो. जोराच्या वाऱ्यात तो कमी पाणी पकडतो आणि बर्फाच्या बाबतीत ही तूट फार मोठी होते. हेलकावणाऱ्या बादलीचे मापक मुसळधार पावसात मागे पडते, कारण बादली उलटत असतानाच्या क्षणात आलेले पाणी नोंदले जात नाही. शिवाय नरसाळ्यात एखादे पान अडकले की शून्याची नोंद होत राहते आणि ती अगदी खऱ्या शून्यासारखी दिसते. प्रत्येक मापकाची नोंद शेजारच्या दोन-तीन मापकांशी दररोज ताडून पाहण्याची व्यवस्था म्हणूनच सुरुवातीपासून हवी.

रडार सबंध क्षेत्र पाहते, पण ते पाऊस मोजत नाही. ते परावर्तनक्षमता (थेंबांवरून लहरी किती परततात ते) मोजते आणि तिच्यावरून ठरावीक सूत्राने पाऊस काढला जातो. मार्शल-पामर सूत्रात परावर्तनक्षमता ही २०० गुणिले पर्जन्यदराचा १.६ वा घात असते. यात एक खोच दडलेली आहे. परावर्तनक्षमता थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते आणि थेंबातील पाणी तिसऱ्या घातावर. व्यास दुप्पट झाला तर पाणी ८ पट होते, परावर्तनक्षमता मात्र ६४ पट. आता आर्द्रताशोषक क्षारांच्या बीजनाचा उद्देशच मुळी थेंबांचे आकारमान बदलण्याचा असतो. समजा बीजनामुळे थेंब मोठे झाले, प्रत्यक्ष पाऊस तेवढाच राहिला आणि परावर्तनक्षमता दुप्पट झाली. वरचे सूत्र तेव्हा पाऊस सुमारे ५४ टक्के वाढल्याचे दाखवेल. वाढलेले काहीच नसेल!

तपासणी : रडारवर विसंबायचे असेल, तर लक्ष्यक्षेत्रात थेंबांचे आकारमान मोजणारी काही उपकरणे जमिनीवर आहेत का? बीजन केलेल्या आणि न केलेल्या एककांत रडार व पर्जन्यमापक यांच्यातील गुणोत्तर वेगवेगळे येत असेल, तर तो फरक अहवालात यायलाच हवा.

## टप्पा ४ : चिठ्ठी टाकणे

बीजन करायचे की नाही हा निर्णय यदृच्छेवर सोपवणे, हा सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. इथला क्रम पाळला नाही, तर पुढचे कोणतेही गणित ती चूक दुरुस्त करू शकत नाही. क्रम असा :

१. पात्रतेचे निकष आधी लिहून ठेवावेत : ढगमाथ्याचे तापमान, अतिशीत द्रवजलाचे (शून्याखालीही न गोठलेल्या पाण्याचे) प्रमाण, ऊर्ध्वप्रवाह, वाऱ्याची दिशा इत्यादी. निकष आकड्यांत असावेत, ‘ढग चांगला दिसत असल्यास’ असे नसावेत.

२. एकक पात्र आहे असे जबाबदार शास्त्रज्ञाने जाहीर करावे आणि तशी वेळ नोंदवावी.

३. त्यानंतरच क्रमांकित, सीलबंद आणि अपारदर्शक पाकीट उघडावे किंवा दूर बसलेल्या व्यक्तीकडून संगणकातील निर्णय मागवावा. उघडण्याची वेळही नोंदवावी.

४. एकदा पाकीट उघडले की ते एकक प्रयोगात दाखल झाले. त्यातून ते पुन्हा बाहेर काढता येत नाही.

चौथी अट सर्वाधिक मोडली जाते. पाकिटात ‘बीजन करू नये’ असे निघते, ढग विरून जातो आणि कोणीतरी म्हणते, ‘हा ढग तसा योग्य नव्हताच, सोडून द्या.’ किंवा ‘बीजन करावे’ असे निघते, विमानात बिघाड होतो आणि ते एकक गाळले जाते. दोन्ही वेळा हेतू निर्मळ असतो आणि दोन्ही वेळा प्रयोगाचे नुकसान होते. विमान उडाले नाही तरी ते एकक बीजनाच्याच गटात मोजावे. मुख्य विश्लेषण चिठ्ठीप्रमाणे होते, घडलेल्या कृतीप्रमाणे नाही.

दोन्ही गटांत संख्या साधारण सारखी राहावी म्हणून चिठ्ठ्या लहान-लहान संचांत टाकतात, प्रत्येक संचात निम्म्या बीजनाच्या आणि निम्म्या ‘बीजन नाही’ अशा. नेहमी चारचाच संच वापरला, तर पहिल्या तीन चिठ्ठ्यांनंतर चौथी चिठ्ठी काय असेल हे कोणीही सांगू शकतो, आणि ते कळले की ढगाची निवड नकळत झुकते. संचांचे आकार बदलते आणि गुप्त ठेवावेत.

शक्य असेल तिथे ‘बीजन नाही’ असलेल्या एककातही विमानाने त्याच मार्गाने उडावे आणि सक्रिय द्रव्य नसलेले फ्लेअर (जाळून द्रव्य सोडण्याची नळकांडी) जाळावेत. वैमानिकाला कोणते फ्लेअर लावले आहेत हे ठाऊक नसले, तर ढगात किती वेळ थांबायचे, कुठून शिरायचे याचे त्याचे निर्णय दोन्ही गटांत सारखे राहतात.

सारख्या स्वभावाची दोन क्षेत्रे जवळपास असतील, तर अदलाबदलीची रचना फार उपयोगी पडते. प्रत्येक एककात चिठ्ठी टाकून एका क्षेत्रावर बीजन करतात आणि दुसरे तुलनेसाठी राहते. इस्रायलमधील १९६१ ते १९६७ चा प्रयोग याच रचनेचा होता, दोन क्षेत्रांमध्ये मोकळा पट्टा सोडून केलेला. अमेरिकेतील वायोमिंगच्या प्रयोगात सिएरा माद्रे आणि मेडिसिन बो या दोन डोंगररांगा अशाच आलटून-पालटून वापरल्या गेल्या. एका क्षेत्रावरचे द्रव्य दुसऱ्यावर पोहोचण्याचा धोका मात्र या रचनेत कायम असतो, म्हणून दोन एककांमध्ये हवा स्वच्छ होण्याइतका अवधी ठेवावा.

## टप्पा ५ : विश्लेषणाची योजना आधीच लिहून ठेवणे

हे काम एका बैठकीत होते, पण पहिली चिठ्ठी उघडण्यापूर्वी व्हावे लागते. मुख्य मोजमाप, वापरायचे गुणोत्तर किंवा रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज काढणारे समीकरण), साहाय्यक चलांची (पावसाचा अंदाज सुधारणाऱ्या इतर राशींची) यादी, सार्थकता पातळी, आधी ठरवलेले दोन-तीन उपगट आणि प्रयोग कधी थांबवायचा याचा नियम, हे सारे तारखेसह लिहून तटस्थ व्यक्तीकडे ठेवावे.

चाचणी दुहेरी बाजूचीच असावी. बीजनाने पाऊस वाढेल किंवा तसाच राहील, कमी होणार नाही, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. पण मिसुरीतील १९६० ते १९६४ च्या व्हाइटटॉप प्रयोगात बीजन केलेल्या दिवशी पाऊस कमी आढळला होता. घट दिसली तर ती ओळखण्याची सोय योजनेत असलीच पाहिजे.

इशारा : दरवर्षी आकडे पाहून ‘अजून एक हंगाम करू’ किंवा ‘आता पुरे’ असे ठरवले, तर ५ टक्क्यांची सार्थकता पातळी ५ टक्क्यांची राहत नाही. मधल्या तपासण्या करायच्याच असतील, तर त्यांची संख्या आणि प्रत्येक वेळची कडक पातळी योजनेतच ठरलेली असावी.

## टप्पा ६ : चिठ्ठ्यांचे गुपित उघडण्यापूर्वी आकडे गोठवणे

हंगाम संपल्यावर लगेच निकाल पाहू नये. कोणत्या एककात बीजन झाले हे माहीत नसलेल्या व्यक्तीने सर्व नोंदींची छाननी करावी : बंद पडलेले मापक, अशक्य वाटणारे आकडे, रडारमधील जमिनीचे प्रतिध्वनी, चुकलेल्या वेळा. काय दुरुस्त केले आणि का, हे प्रत्येक ठिकाणी लिहावे. मग फाईल बंद करावी आणि त्यानंतरच चिठ्ठ्यांची यादी जोडावी.

क्रम उलटला तर काय होते? बीजनाच्या गटातला १२० मिलिमीटरचा आकडा ‘असामान्य पण खरा’ वाटतो आणि दुसऱ्या गटातला तसाच आकडा ‘उपकरणाचा दोष’ वाटतो. कोणीही खोटे बोलत नसते.

चिठ्ठ्या जोडल्यावर पहिले काम बीजनापूर्वीच्या गोष्टींची तुलना करण्याचे असते. आर्द्रता, वारा, ढगमाथ्याचे सुरुवातीचे तापमान, तुलनाक्षेत्रातील पाऊस हे दोन्ही गटांत साधारण सारखे हवेत. थोडा फरक यदृच्छेने पडतोच, पण मोठा असेल तर चिठ्ठीची अंमलबजावणी पुन्हा तपासावी.

## टप्पा ७ : मुख्य विश्लेषण

साध्या सरासरीवर का विसंबू नये, हे एका प्रसिद्ध आकडेवारीतून चांगले दिसते. फ्लोरिडात १९६८ आणि १९७० मध्ये ५२ एकेकट्या ढगांवर प्रयोग झाला. चिठ्ठीने निवडलेल्या २६ ढगांवर सिल्व्हर आयोडाइडचे बीजन झाले, उरलेल्या २६ वर झाले नाही. बीजन केलेल्या ढगांची सरासरी ४४२ एकर-फूट (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंचीचे पाणी) पाणी, तर न केलेल्यांची १६५, म्हणजे गुणोत्तर सुमारे २.७. मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) मात्र २२२ आणि ४४, म्हणजे गुणोत्तर ५. लॉग घेऊन तुलना केली तर ३.१. एकाच आकडेवारीची ही तीन उत्तरे. कारण आत डोकावले की कळते : बीजन केलेल्या २६ ढगांपैकी सर्वांत मोठ्या एकाच ढगाने २,७४६ एकर-फूट पाणी दिले, म्हणजे गटाच्या एकूण पाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. तो एक ढग बाजूला ठेवला तर सरासरीचे गुणोत्तर २.१ वर येते. मूळ आकड्यांवर टी-चाचणी (दोन सरासरींतील फरकाची तपासणी) केली तर पी-मूल्य (परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या उंबरठ्यावर घुटमळते, लॉगवर केली तर ०.०१४ येते. यांतले कोणते उत्तर ‘खरे’ हे निकाल पाहून ठरवायचे नसते. त्यासाठीच टप्पा ५ असतो.

क्षेत्रावरच्या पावसासाठी दुहेरी गुणोत्तर हा समजायला सोपा मार्ग आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बीजनाच्या एककांत लक्ष्यक्षेत्राची सरासरी ९.० मिलिमीटर आणि तुलनाक्षेत्राची ७.५. बीजन नसलेल्या एककांत अनुक्रमे ७.२ आणि ६.६. केवळ लक्ष्यक्षेत्र पाहिले तर ९.० ÷ ७.२ = १.२५, म्हणजे २५ टक्के वाढ. पण बीजनाचा स्पर्शही न झालेल्या तुलनाक्षेत्रातही त्या एककांत पाऊस ७.५ ÷ ६.६ = १.१४ पट होता, म्हणजे ती एककेच मुळात जास्त ओली होती. १.२५ ला १.१४ ने भागल्यावर उरतात १.१०. पंचवीस टक्क्यांतले सुमारे चौदा टक्के निसर्गाने दिले होते.

आता हे १.१० योगायोगाने येऊ शकते का, हे पाहायचे. इथे पुनर्वाटप चाचणी सर्वांत विश्वासार्ह ठरते, कारण तिला पावसाचे वितरण कोणत्या आकाराचे आहे याची फिकीर करावी लागत नाही. कृती अशी :

१. पावसाचे सर्व आकडे जागच्या जागी ठेवावेत.

२. ‘बीजन’ आणि ‘बीजन नाही’ ही लेबले पुन्हा यादृच्छिकपणे वाटावीत, पण मूळ चिठ्ठीचे सर्व नियम पाळून. संच पाडले असतील तर त्या संचांतच.

३. दर वेळी दुहेरी गुणोत्तर काढून त्याचा लॉग नोंदवावा.

४. हे १०,००० वेळा करावे आणि लॉगचे निरपेक्ष मूल्य आपल्या खऱ्या उत्तराइतके किंवा त्याहून मोठे किती वेळा आले ते मोजावे.

५. त्या संख्येत १ मिळवून १०,००१ ने भागले की पी-मूल्य मिळते. समजा १,९८० वेळा आले, तर १,९८१ ÷ १०,००१, म्हणजे सुमारे ०.२०.

पी-मूल्यावर थांबू नये. बीजनाचा परिणाम १.०५ पट आहे असे गृहीत धरून बीजनाच्या एककांतील लक्ष्यक्षेत्राचा पाऊस १.०५ ने भागावा आणि चाचणी पुन्हा करावी. हेच ०.८० पासून १.५० पर्यंतच्या मूल्यांसाठी केले, की जी मूल्ये चाचणीत फेटाळली जात नाहीत त्यांचा पट्टा म्हणजे विश्वास-अंतराल. निर्णय घेणाऱ्याला खरा उपयोग याच पट्ट्याचा असतो.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक एकके फुगवण्याची. चिठ्ठी दिवसाला एक टाकली, दिवस ४० आणि पर्जन्यमापक २५, म्हणून ‘१,००० निरीक्षणे’ असे लिहिले जाते. निरीक्षणे ४० च आहेत. एकाच दिवसाचे २५ मापक एकाच हवामानाची साक्ष देतात. नेमके याच कारणाने कित्येक अहवालांतली पी-मूल्ये हास्यास्पद इतकी लहान असतात.

दुसरी चूक शून्ये गाळण्याची. लॉग घेता येत नाही म्हणून कोरडी एकके काढून टाकली, तर बीजनामुळे पाऊस सुरू होण्याची किंवा मुळीच न होण्याची शक्यता बदलते का हा प्रश्नच गायब होतो. शून्यांसह काम करायचे असेल, तर सरासरींचे गुणोत्तर आणि पुनर्वाटप चाचणी वापरावी.

तिसरी चूक चुकीच्या साहाय्यक चलाची. बीजनानंतर मोजलेली ढगाची उंची रिग्रेशनमध्ये घातली, तर बीजनाने ढग वाढवून जो परिणाम साधला असेल तोच आपण वजा करून बसतो. साहाय्यक चल बीजनापूर्वी मोजलेले असावे किंवा बीजनाच्या पल्ल्याबाहेरचे असावे.

## टप्पा ८ : उपगट आणि शोधाचा मोह

मुख्य उत्तर निराशाजनक आले, की ‘ढगमाथा अमुक तापमानाचा असताना’, ‘वारा पश्चिमेचा असताना’ असे उपगट पाडण्याची घाई होते. बीजनाचा काहीही परिणाम नसताना २० स्वतंत्र उपगट ५ टक्के पातळीवर तपासले, तर किमान एक तरी सार्थक निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. उपगटात सापडलेली गोष्ट हा पुढच्या प्रयोगाचा प्रश्न असतो, या प्रयोगाचे उत्तर नव्हे. फ्लोरिडातच १९७० ते १९७६ च्या क्षेत्रीय प्रयोगात वाढीची चिन्हे दिसली होती. त्यांची खातरजमा करण्यासाठी १९७८ ते १९८० मध्ये दुसरा प्रयोग केला, तेव्हा ती वाढ पक्की झाली नाही. दुसरा प्रयोग केला गेला हीच त्यातली अनुकरणीय बाब.

भौतिक साखळीची तपासणी याहून उपयोगी असते. द्रव्य ढगात पोहोचले का, बर्फाचे कण किंवा मोठे थेंब वाढले का, आणि ते योग्य वेळी योग्य जागी जमिनीवर आले का? संख्याशास्त्राने वाढ दाखवली पण ढगात द्रव्याचा मागमूस नसेल, तर आधी त्या वाढीवरच संशय घ्यावा.

## टप्पा ९ : चिठ्ठी टाकलीच नसेल तर

बऱ्याच कार्यक्रमांत प्रत्येक योग्य ढगावर बीजन केले जाते आणि मूल्यमापनाचा विचार नंतर येतो. अशा वेळी बीजनापूर्वीच्या वर्षांतील लक्ष्य आणि तुलना क्षेत्रांच्या पावसावरून रिग्रेशन रेषा काढतात आणि बीजनाच्या वर्षांत ‘अपेक्षित’ पावसाशी प्रत्यक्ष पाऊस ताडून पाहतात. ही पद्धत दुबळी आहे हे आधीच मान्य करून ती वापरावी.

तिचे सापळे ठरलेले आहेत. कार्यक्रम बहुधा दुष्काळानंतर सुरू होतो आणि दुष्काळानंतरची वर्षे बीजनाशिवायही सरासरीकडे परततात, म्हणून केवळ आधी-नंतर अशी तुलना कधीही करू नये. दोन क्षेत्रांतील नातेही दशकांनुसार बदलते. मापकाची जागा हलली, शेजारी झाडे वाढली, उपकरण बदलले, तरी रेषा सरकते. सर्वांत घातक म्हणजे ४० संभाव्य तुलनास्थानकांतून निकाल पाहून ‘चांगले’ स्थानक निवडणे.

एक उपाय मी नेहमी सुचवतो. बीजन सुरू होण्यापूर्वीच्या काळातून पाच-पाच वर्षांचे तुकडे घ्यावेत, त्यांत बीजन झाले होते असे खोटेच मानावे, आणि उरलेल्या वर्षांवरून तेच गणित करून ‘वाढ’ काढावी. खऱ्या कार्यक्रमाची वाढ ८ टक्के असेल आणि या खोट्या कार्यक्रमांची ‘वाढ’ उणे १२ पासून अधिक १२ टक्क्यांपर्यंत पसरलेली असेल, तर त्या ८ टक्क्यांबद्दल बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

## टप्पा १० : निष्कर्षाची भाषा

निकालाचे वाक्य असे असावे : ‘परिणामाचा अंदाज १.१० पट, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.९५ ते १.२७, पी-मूल्य ०.२०, या आकडेवारीवरून ५ टक्के घटीपासून २७ टक्के वाढीपर्यंत काहीही संभवते.’ यातून ‘१० टक्के वाढ’ एवढेच उचलणे चूक आहे आणि ‘बीजन निरुपयोगी सिद्ध झाले’ असे म्हणणेही चूक आहे. वायोमिंगच्या प्रयोगात ११८ ग्राह्य प्रसंगांवरून सुमारे ३ टक्के वाढीचा अंदाज आणि ०.२८ पी-मूल्य आले, आणि ते तसेच प्रसिद्ध करण्यात आले. इस्रायलच्या २०१३ ते २०२० च्या प्रयोगातही अंदाज २ टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला आणि तो सार्थक ठरला नाही.

टक्केवारी कशाची आहे हेही लिहावे. पात्र ढगांतील पाऊस १० टक्क्यांनी वाढला आणि हंगामातील ३० टक्के पाऊसच अशा ढगांतून येत असेल, तर हंगामी वाढ ३ टक्के होते. खर्चाचा हिशेब या ३ वर करायचा असतो, १० वर नव्हे.

शेवटची तपासणी : अहवालासोबत प्रत्येक एककाची नोंद जोडावी : पात्रता जाहीर केल्याची वेळ, पाकीट उघडल्याची वेळ, चिठ्ठीतील निर्णय, प्रत्यक्ष कृती, लक्ष्य आणि तुलना क्षेत्रांतील पाऊस. मग पाकिटांचे क्रमांक सलग आहेत का ते मोजून पाहावे. मधला एखादा क्रमांक गायब असेल, तर त्या पाकिटाचे काय झाले याचे उत्तर मिळेपर्यंत अहवालावर सही करू नये.